ग्रंथारण्यांतील वाटाड्या : डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज

ग्रंथालयांत पुस्तक असून तें वेळेवर सांपडलें नाहीं, तर तें असून नसल्यासारखेंच होय. शाळेच्या लहानशा कपाटांत ही अडचण फारशी जाणवत नाहीं; परंतु जेथें लक्षावधि लेख सांठले आहेत आणि त्यांतील एखाद्या लेखावर रोग्याचे प्राण अवलंबून असूं शकतात, त्या वैद्यकशास्त्रांत ती फार घोर ठरते. ही अडचण ओळखून तिच्या निवारणार्थ ज्यांनीं आयुष्याचीं तीस वर्षें वेंचलीं, अशा एका पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवावें, हा या लेखाचा हेतु आहे.

जॉन शॉ बिलिंग्ज यांचा जन्म ता. १२ एप्रिल १८३८ रोजीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत झाला. घरची स्थिति साधारण. परंतु वाचनाची गोडी विलक्षण. एका धर्मोपदेशकाच्या साहाय्यानें ते घरच्या घरींच लॅटिन भाषा शिकले. पुढें कॉलेजांत जाण्याची इच्छा झाली, तेव्हां त्यांनीं वडिलांशीं एक करार केला. वडिलांनीं शिक्षणास मदत करावी, आणि त्याच्या मोबदल्यांत वडिलांच्या मिळकतीवरील आपला सर्व हक्क आपण बहिणीसाठीं सोडून द्यावा, असा तो करार होता. विद्येपुढें मिळकतीस तुच्छ मानणाऱ्या या तरुणानें १८५७ सालीं ओहायो संस्थानांतील मियामी युनिव्हर्सिटीची पदवी मिळविली व नंतर सिन्सिनाटी शहरांत वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. तेथें एक हिवाळा तर त्यांनीं आठवड्यास पाऊण डॉलर खर्चून, बहुतेक दूध व अंडीं यांवर काढला. १८६० सालीं ते एम्. डी. झाले.

या परीक्षेसाठीं लिहावयाच्या प्रबंधानेंच त्यांच्या आयुष्यास दिशा दिली. प्रबंधाचा विषय होता अपस्माराचा शस्त्रक्रियेनें उपचार. अपस्मार म्हणजे ज्यास आपण फेफरें म्हणतों तो रोग. अशा शस्त्रक्रिया पूर्वी कोठें झाल्या, किती रोगी बरे झाले व किती दगावले, हें त्यांस पाहावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं सुमारें एक हजार ग्रंथ चाळले व सहा महिने घालविले. तरीहि हवें तें सर्व हातीं आलें नाहीं. अनेक ग्रंथ अमेरिकेंतील एकाहि ग्रंथालयांत नव्हते. आणि जे होते त्यांत कोठें काय आहे, हें सांगणारी सूची नव्हती. आपणांस झालेला हा त्रास पुढील विद्यार्थ्यांस होऊं नये, ही इच्छा त्यांच्या मनांत तेव्हांपासून राहिली. अडचण आली असतां कुरकुर करणारे पुष्कळ असतात. ती दुसऱ्याच्या वाटेंतून दूर करणारे विरळा.

लवकरच अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. १८६२ सालीं बिलिंग्ज सैन्यांत शस्त्रवैद्य झाले. १८६३ सालच्या चान्सेलर्सव्हिल व गेटिसबर्ग येथील भयंकर लढायांत त्यांनीं रणभूमीवर जखमी शिपायांची शुश्रूषा केली. १८६४ च्या अखेरीस त्यांची नेमणूक वॉशिंग्टन येथें सैन्याच्या सर्जन जनरलच्या कचेरींत झाली, आणि तेथील लहानसें ग्रंथालय त्यांच्या हातीं आलें. त्या वेळीं त्यांत सुमारें दोन हजार पुस्तकें होतीं. युद्ध संपल्यावर लष्करी रुग्णालयांच्या शिलकी निधींतील सुमारें ८०,००० डॉलर ग्रंथखरेदीसाठीं मिळाले. ज्या फोर्ड नाटकगृहांत १८६५ सालीं अध्यक्ष लिंकन यांजवर गोळी झाडली गेली, त्याच इमारतींत पुढें हा ग्रंथसंग्रह ठेवण्यांत आला. बिलिंग्ज यांनीं देशोदेशींच्या वैद्यांस व मंडळांस पत्रें लिहून, विकत, अदलाबदलीनें वा देणगीनें, मिळेल तें पुस्तक व मासिक गोळा केलें. १८९५ सालीं त्यांनीं तें काम सोडलें तेव्हां पुस्तकांची संख्या एक लाखावर गेली होती.

परंतु नुसता संग्रह म्हणजे अरण्यच. त्यांतून वाट काढून देणें हें खरें काम. १८७६ सालीं त्यांनीं सूचीचा एक नमुना छापून विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविला, आणि १८८० सालीं ग्रंथसूचीचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. तींत केवळ पुस्तकांचीं नांवें नव्हतीं; मासिकांतील एकेक लेखहि विषयवार नोंदलेला होता. वर्षास एक याप्रमाणें १८९५ पर्यंत सोळा खंड निघाले व त्यांत मासिकांतील पांच लाखांहून अधिक लेख नोंदले गेले. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथें वैद्यक शिकत होत्या (१८८३–८६), त्याच काळांत हे खंड एकामागून एक बाहेर पडत होते. हें काम होत कसें असे? दिवसाची नोकरी आटोपल्यावर बिलिंग्ज मासिकांचे गठ्ठे घरीं नेत, रात्रीं बसून नोंदण्याजोग्या लेखांवर पेन्सिलीनें खूण करीत, आणि दुसऱ्या दिवशीं कारकून त्यांच्या नोंदी चिठ्ठ्यांवर उतरून घेत. या परिश्रमांत इंग्लंडांतून आलेले डॉ. रॉबर्ट फ्लेचर हे त्यांचे निष्ठावंत सहकारी होते.

अक्षरानुक्रमें चालणाऱ्या या सूचीस शेवटच्या अक्षरापर्यंत पोंचण्यास सोळा वर्षें लागणार होतीं. मग नव्या लेखांची वार्ता वैद्यांस कळावी कशी? यासाठीं उभयतांनीं १८७९ सालापासून ‘इंडेक्स मेडिकस’ नांवाची मासिक सूची सुरू केली. पैशाच्या अभावीं १८९९ सालीं ती बंद पडली. परंतु १९०३ सालीं कार्नेगी संस्थेच्या आश्रयानें पुन्हां चालू झाली.

बिलिंग्ज यांचीं इतर कामेंहि थोडींथोडकीं नव्हतीं. १८८९ सालीं उघडलेल्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची आंखणी त्यांचीच. शिरगणतीचे आंकडे छिद्रें पाडलेल्या पत्र्यांनीं यंत्राकडून मोजवावे, ही कल्पना त्यांनीं हर्मन हॉलेरिथ यांस सुचविली, आणि १८९० च्या शिरगणतींत तीं यंत्रें वापरलीं गेलीं. १८९६ पासून ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे संचालक होते. तेथील भव्य इमारत १९११ सालीं त्यांच्या डोळ्यांदेखत उघडली. ता. ११ मार्च १९१३ रोजीं ते परलोकवासी झाले.

त्यांचें कार्य मात्र थांबलें नाहीं. त्यांचें ग्रंथालय १९५६ सालीं अमेरिकेचें राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झालें. लेख वाढत गेले तसतशी एक जुनी अडचण अधिकच बिकट झाली. ती म्हणजे, रोग एक आणि नांवें अनेक. आपल्याकडेच पाहा ना : एक वैद्य अपस्मार म्हणेल, दुसरा मिरगी म्हणेल, आजीबाई फेफरें म्हणतील, आणि दवाखान्यांत कोणी फिट आली म्हणून सांगेल. प्रत्येकानें आपापल्या शब्दाखालीं लेख ठेवला, तर शोधणाऱ्यास एक सांपडेल व तीन हुकतील. यावर तोड म्हणून त्या ग्रंथालयानें १९६० सालीं प्रमाण शीर्षकांचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यास संक्षेपानें ‘मेश’ म्हणतात. प्रत्येक विषयास एकच मान्य शीर्षक, आणि इतर नांवें त्या शीर्षकाकडे बोट दाखविणारीं, असा त्याचा नियम. हृदयाचा झटका हा शब्द घेऊन गेल्यास तो कोश ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शीर्षकाकडे नेतो; कॅन्सर शोधणारास ‘नियोप्लाझम्स’कडे नेतो. शिवाय हीं शीर्षकें वृक्षाच्या शाखांप्रमाणें रचलेलीं आहेत. मोठी शाखा धरली कीं तिच्या डहाळ्याहि आपोआप हातीं येतात.

१९७१ सालीं ही सूची ‘मेडलाइन’ या नांवानें संगणकावर दूर अंतरावरून पाहतां येऊं लागली, आणि १९९७ पासून ‘पबमेड’च्या द्वारें ती सर्वांस विनामूल्य खुली आहे. आतां बिलिंग्ज यांचाच प्रबंध घेऊन पाहूं. आधीं कोशांत अपस्माराचें प्रमाण शीर्षक पाहावें, तें ‘एपिलेप्सी’. त्यास ‘सर्जरी’ हें उपशीर्षक जोडावें, म्हणजे औषधांविषयींचे लेख बाजूस राहून शस्त्रक्रियेचेच पुढें येतात. वृक्षरचनेमुळें अपस्माराचे पोटप्रकारहि शोधांत येतात. मुलांविषयींच हवें असेल तर ‘आणि’ या अर्थाच्या शब्दानें तें शीर्षक जोडावें. मात्र अगदीं नव्या लेखांस शीर्षकें लागलेलीं नसतात. म्हणून व्यवहारांतील निरनिराळे शब्द ‘किंवा’ या अर्थानें जोडून दुसरा शोध अवश्य करावा. ज्या कामास सहा महिने पुरले नाहींत, त्याचा आरंभ आज कांहीं मिनिटांत होतो.

तथापि यंत्र आलें म्हणून दक्षतेची गरज सरली, असें कोणीं समजूं नये. २००१ सालीं, बिलिंग्ज यांनीं ज्या रुग्णालयाची आंखणी केली त्याच जॉन्स हॉपकिन्स संस्थेंत, दम्याच्या संशोधनासाठीं एका निरोगी तरुण स्वयंसेविकेस हेक्झामेथोनियम नांवाचें औषध हुंगविण्यांत आलें आणि त्यानंतर ती मरण पावली. या औषधानें फुप्फुसांस अपाय होतो, असें दर्शविणारे लेख १९५० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध झालेले होते. परंतु पबमेडमधील लेख तेव्हां १९६६ पासूनचेच होते, आणि जुने लेख संशोधकाच्या दृष्टीस पडले नाहींत. शोध अपुरा होता, ही गोष्ट पुढें चौकशींत उघड झाली. ज्ञान होतें, छापलेलें होतें, परंतु वेळेवर सांपडलें नाहीं! जी सूची आपण पाहतों ती कोठून सुरू होते व कोठें संपते, हें ठाऊक असणें हाहि शोधाचाच भाग होय.

विद्यार्थ्यांनो, बिलिंग्ज यांनीं नवा रोग शोधला नाहीं कीं नवें औषध काढलें नाहीं. दुसऱ्यांनीं मिळविलेलें ज्ञान गरजूच्या हातीं पडावें, एवढ्यासाठीं ते रात्रीमागून रात्री पेन्सिल घेऊन बसले. ज्या रोग्यांचे प्राण त्यामुळें वांचले, त्यांस त्यांचें नांवहि ठाऊक नसेल. अशा कामास टाळ्या मिळत नाहींत. परंतु त्यावांचून मोठमोठ्या शोधांचाहि उपयोग होत नाहीं. तुमच्यापैकीं कोणी उद्यां डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक. माहिती शोधतांना पहिलें सांपडलें तेवढ्यावर समाधान मानूं नका. वस्तूचें योग्य नांव शोधा, तिचीं इतर नांवेंहि आठवा, आणि जें सांपडलें तें असें मांडून ठेवा कीं मागून येणाऱ्यास तें हुडकीत बसावें लागूं नये.