शेजारधर्म

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गल्लीत कचऱ्याचा ढीग साचला किंवा गटार तुंबले तर तुम्ही काय करता? आपल्यापैकी बहुतेक जण नाकाला रुमाल लावतात आणि भराभर पुढे जातात. कोणी नगरपालिकेला नावे ठेवतो, कोणी शेजाऱ्याला. ढीग मात्र तिथेच राहतो. आज तुम्हाला अशा एका बाईंची ओळख करून द्यायची आहे, की ज्या अशा ढिगाजवळून पुढे गेल्या नाहीत. त्या तिथेच थांबल्या. त्यांचे नाव जेन ॲडम्स.

जेन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सीडरव्हिल नावाच्या छोट्या गावी झाला. वडील गिरणीचे मालक होते आणि राज्याच्या विधिमंडळाचे सभासदही होते. घरात कशाचीही उणीव नव्हती. पण जेन दोन वर्षांची असतानाच आई वारली. त्यातच लहानपणीच्या आजारामुळे तिच्या पाठीच्या कण्याला बाक आला.

ती सात वर्षांचीही नव्हती, तेव्हाची गोष्ट. वडिलांबरोबर ती शेजारच्या शहरात गेली होती. तिथे तिने प्रथमच गरिबांची वस्ती पाहिली. एकमेकांना खेटून उभी असलेली लहान, कळकट घरे पाहून तिने वडिलांना विचारले, की लोक अशा घरांत का राहतात? वडिलांनी समजावून सांगितले. तेव्हा त्या चिमुरडीने जाहीर केले, की मोठी झाल्यावर मी मोठे घर बांधीन, पण ते अशाच लहान घरांच्या मध्ये असेल. मुलांच्या अशा बोलण्याकडे कोण लक्ष देतो? परंतु जेन हे बोलणे विसरली नाही.

१८८१ साली तिचे शिक्षण पूर्ण झाले. त्याच वर्षी वडीलही गेले. डॉक्टर व्हावे म्हणून तिने वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले, पण पाठीच्या दुखण्याने ते शिक्षण अर्धवट राहिले. मन रमावे म्हणून ती युरोपच्या प्रवासाला निघाली. लंडन शहरात एका शनिवारी रात्री तिने एक दृश्य पाहिले. बाजारात उरलेल्या, सडू लागलेल्या भाजीचा लिलाव चालला होता. गॅसच्या दिव्यांच्या उजेडात गरीब माणसे त्या भाजीसाठी हात उंचावत होती. ते वर उठलेले हात तिच्या मनातून कधीच गेले नाहीत.

पुढे १८८८ साली ती पुन्हा लंडनला गेली. तिथे टॉयन्बी हॉल नावाची संस्था होती. शिकलेले तरुण गरीब वस्तीत येऊन राहत आणि तिथल्या लोकांना शिकवत. ते पाहून जेनला आपली वाट सापडली. दान देऊन निघून जायचे नाही, शेजारी होऊन राहायचे, असे तिने ठरवले.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन आणि त्यांची मैत्रीण एलन स्टार या शिकागो शहरातील हॉलस्टेड रस्त्यावर एका जुन्या घरात राहायला आल्या. हे घर हल नावाच्या गृहस्थांनी बांधले होते, म्हणून त्याला हल हाउस म्हणत. आजूबाजूला इटली, ग्रीस, आयर्लंड, जर्मनी, रशिया अशा अनेक देशांतून पोटासाठी आलेली कुटुंबे राहत होती. त्यांचे धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, खाणेपिणे वेगळे. एकाची बोली दुसऱ्याला कळत नसे.

या दोघींनी प्रथम शेजाऱ्यांना काय हवे ते पाहिले. आया कामावर जात, लहान मुले घरात एकटी कोंडलेली असत. म्हणून बालवाडी सुरू झाली. मोठ्यांना नव्या देशाची भाषा येत नव्हती, म्हणून संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग निघाले. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता, तेव्हा शेजाऱ्याची भाषा आली म्हणजे किती कामे सोपी होतात हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. हळूहळू वाचनालय, व्यायामशाळा आणि मुलांसाठी खेळाचे मैदानही झाले. पुढे हल हाउसच्या तेरा इमारती झाल्या.

पहिल्याच नाताळच्या सणाला एक प्रसंग घडला. जमलेल्या मुलांना मिठाई वाटली जात होती. काही लहान मुलींनी मात्र ती घेतलीच नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या मुली मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे रोज सकाळी सात ते रात्री नऊपर्यंत त्या राबत होत्या. मिठाई पाहूनच त्यांना मळमळत होते. जेन सुन्न झाल्या. पण नुसते हळहळून भागणार नव्हते. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली आणि इतर सहकाऱ्यांनी घरोघरी, कारखान्याकारखान्यांत फिरून माहिती गोळा केली. १८९३ साली राज्यात कायदा झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास बंदी आली.

आता त्या कचऱ्याच्या ढिगाकडे येऊ या. हा भाग शहराचा एकोणिसावा वॉर्ड. वस्ती सुमारे पन्नास हजार. रस्त्यांवर कचऱ्यासाठी मोठ्या लाकडी पेट्या ठोकलेल्या होत्या. त्या भरून वाहत, आणि मुले त्यांच्याच भोवती खेळत. कचरा उचलण्याचा ठेका दिलेला होता, पण गाड्या वेळेवर येत नसत. मृत्यूच्या प्रमाणात शहरातील सर्व वॉर्डांमध्ये या वॉर्डाचा क्रमांक तिसरा होता. मरणाऱ्यांत लहान मुले फार असत.

वस्तीतल्या बायका आपापली घरे झाडूनपुसून लख्ख ठेवत. त्या खेड्यांतून आलेल्या होत्या. खेड्यात दारचा कचरा उन्हापावसात कुजून मातीला मिळतो. शहरातल्या दाटीत तसे होत नाही. जेन यांनी त्यांना समजावले, की येथे घर कितीही स्वच्छ ठेवले तरी गल्लीतली घाण तुमच्या मुलाला आजारी पाडणारच. तेव्हा गल्लीची काळजी घेणे हेही घरकामच आहे.

हल हाउसच्या महिला मंडळातील बारा बायका पुढे आल्या. दिवसभर धुणे, इस्त्री आणि स्वयंपाक करून दमलेल्या या बायका. उन्हाळ्याच्या संध्याकाळी उंबऱ्यावर बसून वारा घेणे त्यांना किती सुखाचे वाटले असते! पण त्या बोळाबोळांतून फिरू लागल्या. कुठे पेटी भरली आहे, कुठे गाडी आली नाही, हे त्यांनी पाहून ठेवले. शेजाऱ्यांचा रागही सोसला. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत त्यांनी आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी पाठवल्या. प्रत्येक तक्रार खरी, तपासलेली!

तरीही म्हणावी तशी सुधारणा होईना. तेव्हा १८९५ साली जेन यांनी स्वतःच कचऱ्याच्या ठेक्यासाठी निविदा भरली. ती काही तांत्रिक कारणाने नाकारली गेली, पण त्याची चर्चा शहरभर झाली. अखेर महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमले. पगार वर्षाला एक हजार डॉलर.

मग काय! सकाळी सहा वाजता जेनबाई घराबाहेर पडत. गाड्या निघाल्या की नाही ते पाहत, आणि कचरा टाकण्याच्या जागेपर्यंत त्यांच्या मागोमाग जात. ठेकेदाराच्या मागे लागून त्यांनी नऊ गाड्यांच्या तेरा आणि तेराच्या सतरा करायला लावल्या. घाण करणाऱ्या घरमालकांना कोर्टात खेचले. एका अरुंद रस्त्यावरचा थर उपसता उपसता दीड फूट खाली चक्क फरसबंदी लागली! तिथे असा पक्का रस्ता आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

चांगल्या घरच्या बाईने असले काम करावे, हे वस्तीतल्या काही बायकांना आवडले नाही. जेन यांनी त्यांना शांतपणे पटवून दिले, की तापाने फणफणलेल्या मुलाची सेवा करणे हे जर बाईचे काम असेल, तर तो ताप येऊच नये म्हणून झटणे हेही तिचेच काम आहे. काही काळाने मृत्यूच्या यादीत हा वॉर्ड तिसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर आला. मित्रांनो, हा नुसता आकडा नाही. कित्येक घरांतली मुले वाचली, असा त्याचा अर्थ आहे.

जेन यांना नेहमीच यश आले असे समजू नका. वॉर्डाचा नगरसेवक लोकांना नोकऱ्या लावून देई, लग्नकार्यात भेटी देई, पण वस्तीच्या सोयींकडे पाहत नसे. १८९६ आणि १८९८ साली त्याला निवडणुकीत हरवण्याचा प्रयत्न हल हाउसच्या मंडळींनी केला. दोन्ही वेळा तोच निवडून आला. जेन यांनी लोकांना दोष दिला नाही आणि वस्तीही सोडली नाही. अडल्यानडल्याला धावून येणारा माणूस गरिबाला का जवळचा वाटतो, याचा त्यांनी विचार केला आणि आपले काम चालू ठेवले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी युद्धाला विरोध केला. तेव्हा त्यांच्याच देशातील लोकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. त्यांनी तीही सोसली. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत. २१ मे १९३५ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या दर्शनासाठी त्यांचा देह हल हाउसमध्ये ठेवला, तेव्हा हजारो लोकांची रीघ लागली. त्यात वस्तीतले साधे शेजारी होते. ते जुने घर आता संग्रहालय म्हणून जपलेले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, जेन यांच्याजवळ पैसा होता. काही पैसे वाटून त्या आपल्या बंगल्यात सुखाने राहू शकल्या असत्या. पण शेजारधर्म पैशाने पुरा होत नाही, त्यासाठी शेजारी राहावे लागते, हे त्यांनी ओळखले. आणि त्या बारा बायकांजवळ तर पैसाही नव्हता. त्यांच्याजवळ होती फक्त संध्याकाळची एक-दोन तासांची फुरसत. तेवढ्यावर त्यांनी एका मोठ्या शहराच्या कारभाराला जागे केले.

आज शाळा सुटल्यावर घरी जाताना आपल्या मोहल्ल्याकडे जरा नीट पाहा. कुठे पेटी भरून वाहते आहे? कोणत्या नळाचे पाणी वाया जाते आहे? ते वहीत लिहा, चार मित्रांना दाखवा, वडीलधाऱ्यांना सोबत घ्या आणि नगरपालिकेत अर्ज द्या. एका अर्जाने काम झाले नाही, तर दुसरा द्या. त्या बारा बायकांनी १,०३७ तक्रारी पाठवल्या होत्या, हे लक्षात ठेवा.