ॲस्पिरिनचे जनक : फेलिक्स हॉफमन

फेलिक्स हॉफमन यांचा जन्म २१ जानेवारी १८६८ रोजी जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे झाला. म्युनिकला रसायनशास्त्र शिकून १८९४ मध्ये ते बायर कंपनीत लागले. वडिलांना संधिवात होता, पण त्यावरचं सॅलिसिलिक आम्ल त्यांच्या पोटाला सोसत नव्हतं, असं सांगतात. १० ऑगस्ट १८९७ रोजी हॉफमन यांनी त्याच आम्लापासून शुद्ध, जरा सौम्य असं औषध तयार केलं. १८९९ मध्ये त्याला ॲस्पिरिन नाव मिळालं. वडिलांची गोष्ट मुलांना फार आवडते. मात्र हे काम आपल्या सांगण्यावरून झालं, असा दावा सहकारी आर्थर आयशेनग्रून यांनी १९४९ मध्ये केला. वर्गात तेही सांगायला हवं.

हॉफमन १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. तोवर ही दुखण्याची, तापाची गोळी होती. ती रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही, हे नंतर कळलं. आता पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर ती थोड्या प्रमाणात देतात. तरी काहींच्या प्लेटलेट्स चिकटतातच. याला ॲस्पिरिन रेझिस्टन्स म्हणतात. कधी कधी कारण अगदी साधं निघतं: आजोबांची गोळी घ्यायचीच राहिलेली असते.