गाडीचा पत्रा नीट बसावा म्हणून शोधलेल्या गणितावर आज फ्लेक्सपासून फॉन्टपर्यंत सगळं चालतंय

तुम्ही आत्ता वाचताय त्या प्रत्येक अक्षराचं वळण एका गणितातून आलंय. त्याला 'बेझिए कर्व्ह' म्हणतात. पण ते अक्षरांसाठी नाही, तर गाड्यांसाठी बनलं होतं.

पिअर बेझिए यांचा जन्म १९१० सालचा, पॅरिसचा. वडील इंजिनिअर, आजोबाही इंजिनिअर. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल, दोन्ही शिकून १९३३ मध्ये ते रेनॉ या कार कंपनीत लागले आणि ४२ वर्षं तिथंच राहिले.

तेव्हा गाडीचं डिझाईन हातानं व्हायचं. आधी स्केच, मग छोटं मॉडेल, मग फ्रेंच कर्व्ह लावून खऱ्या मापाचं ड्रॉइंग, त्यावरून टेम्प्लेट, मास्टर मॉडेल आणि शेवटी डाय. हात तरबेज होते, पण प्रत्येक टप्प्यावर रेष जराशी सरकायची. सरळ रेषेची दोन टोकं सांगितली की भागतं. बॉनेटच्या वळणाचं माप कसं सांगणार? पत्रा बसला नाही की चूक नक्की कुणाची, यावर वाद व्हायचे.

१९६० च्या सुमारास बेझिए यांनी ठरवलं, वळण आकड्यांतच मांडायचं. म्हणजे ड्रॉइंग करणारा, डाय बनवणारा आणि तपासणारा, तिघांकडे एकच माप राहील. पण ड्राफ्ट्समनला गणित येत नाही, त्याचं काय? आज आपण बघतो त्या रूपात उत्तर सोपं आहे. काही बिंदू ठेवायचे. टोकाच्या बिंदूंतून रेष जाते, मधले बिंदू तिला आपल्याकडे ओढतात. बिंदू हलवा, वळण बदलतं.

हे इतकं चांगलं असतं तर अमेरिकेनं आधीच केलं नसतं का, अशी शंका कंपनीतच निघाली. बेझिए मागे हटले नाहीत. १९६८ पर्यंत त्यांची 'युनिसर्फ' ही सिस्टीम रेनॉत कामाला लागली.

यात एक माणूस मात्र मागे राहिला. सिट्रोएन कंपनीतले पॉल द कास्तेल्जो याच गणितापर्यंत थोडे आधीच पोचले होते. पण त्यांच्या कंपनीनं ते गुपित ठेवलं. बेझिए यांनी आपलं काम जगासमोर मांडलं, म्हणून नाव त्यांचं लागलं.

निवृत्तीनंतर, १९७७ मध्ये, बेझिए यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. १९९९ साली ते गेले.

आज गाडीचं पहिलं स्केच अनेकदा हातानंच निघतं. फक्त ते पत्र्यापर्यंत पोचताना रेष सरकत नाही. आणि आपल्या गल्लीतला फ्लेक्सवाला कोरलड्रॉमध्ये बिंदू ओढून नाव वळणदार करतो, तेव्हा तोही बेझिए यांचंच गणित वापरत असतो.