फादर सांतापाव आणि आमराचें बीज

पावसाळ्याच्या तोंडीं आंब्याच्या खोडावर सीतेच्या वेणीचे पांढरट-गुलाबी तुरे लोंबूं लागले, कीं पुष्कळ लोक तीस बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. वास्तविक बांडगूळ झाडाचा रस शोषून घेतें. सीतेची वेणी ही आमर, म्हणजे ऑर्किड, जातीची असून झाडाचा केवळ आश्रय घेते. अशा आमरांची शास्त्रोक्त नोंद करण्यासाठीं ज्यांनीं परिश्रम केले, त्या फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

फादरांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजीं स्पेन देशांतील ला गालेरा या गांवीं झाला. जेझुइट संघांत राहून त्यांनीं धर्मसेवेबरोबर वनस्पतिशास्त्राचाहि व्यासंग केला व लंडन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. १९४० सालीं ते मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत प्राध्यापक झाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं, व कापडिया यांच्या सहकार्यानें लिहिलेला मुंबई प्रांतांतील आमरांवरील ग्रंथ १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. १९६१ ते १९६७ पर्यंत ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १९६७ सालीं त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला. १३ जानेवारी १९७० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

परंतु ग्रंथांत नांव राहिलें म्हणून रानांत रोप राहतेंच असें नाहीं. आमराचें बीज धुळीच्या कणाएवढें असतें. एका बोंडांत तीं हजारों असतात; पण भाताच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्याप्रमाणें त्यांच्यापाशीं अन्नाची शिदोरी नसते. रानांत एक प्रकारची बुरशी त्यांस अन्न पुरविते. ती न भेटल्यास बीज व्यर्थ जातें. १९२२ सालीं अमेरिकेंतील नडसन यांनीं साखर व क्षार मिसळलेल्या अगराच्या थरावर, बुरशीवांचूनच, हें बीज रुजवून दाखविलें. पुढें १९४१ सालीं, म्हणजे फादर झेवियर कॉलेजांत आल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, व्हान ओव्हरबीक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं धोतऱ्याचे अगदीं कोवळे गर्भ नारळाच्या पाण्याच्या साह्यानें वाढविले.

नारळाचें पाणी म्हणजे नारळानें आपल्याच अंकुरासाठीं सांठविलेलें अन्न होय. त्यांत साखर असते, तशींच पेशींची वाढ चेतविणारीं द्रव्येंहि असतात. ज्या बीजास जन्मतः शिदोरी मिळाली नाहीं, त्यास नारळ आपली शिदोरी जणूं उसनी देतो! म्हणून आज प्रयोगशाळांत आमरांच्या खाद्यांत दर लिटरास बहुधा १०० ते १५० मिलिलिटर नारळाचें पाणी घालतात. कोठें केळ्याचा गर, कोठें बटाट्याचा अर्कहि घालतात. तें मिश्रण दाबाखालील वाफेनें निर्जंतुक करावें लागतें; नाहीं तर हवेंतील बुरशीच तें फस्त करते.

अंजूरच्या मुलांस शहाळें व केळें कांहीं अपूर्व नाहींत. परंतु त्यांच्या योगें एखादी दुर्मिळ वनस्पति पुन्हां रानांत नांदूं शकेल, हें पुष्कळांच्या ध्यानांतहि आलें नसेल. तोंवर आपल्या हातीं एक सोपें कर्तव्य आहे: झाडावरील आमर ओरबाडूं नये. दूर देशाहून आलेल्या एका धर्मगुरूनें ज्या फुलांची नांवें येवढ्या निष्ठेनें लिहून ठेविलीं, तीं फुलें आपल्या डोळ्यांदेखत नाहींशीं होऊं देणें आम्हांस शोभणार नाहीं.