गुर्लहोसूरचे अण्णासाहेब



मागच्या गुरुवारी आपल्या निपाणीकडच्या एका कुटुंबाच्या गटात बराच वेळ चर्चा चालली होती. मुलगा दहावीत. अभ्यासात बरा, पण जीव सगळा पेटीवर. वडिलांचं म्हणणं, परीक्षा होईपर्यंत पेटी माळ्यावर. आईचं म्हणणं, पेटी काढून घेतली तर पोरगं अभ्यासही करणार नाही. आजोबांनी दोघांनाही गप्प केलं आणि विषय आमच्याकडे सोपवला. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. आज त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच एका माणसाचं चरित्र सांगतो. माणूस आपल्याच बेळगाव जिल्ह्यातला आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळांना त्याचं फक्त आडनाव माहीत आहे.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म 31 मार्च 1843, गाव गुर्लहोसूर. आडनाव कोकणातल्या किर्लोस गावावरून आलेलं, पण हे घर कानडी मुलखात रुजलेलं. घरात मराठी, दारात कानडी. आपल्या घरांत आजही तसंच आहे की हो! मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत गावातच दोन्ही भाषा शिकला. त्या बाजूला श्रीकृष्ण पारिजातासारखे कानडी खेळ गावोगाव चालत, देवळात कीर्तनं होत. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. कानावर पडतं आणि राहतं.

गंमत बघा, अण्णासाहेब जन्मले त्याच 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला. मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. आणि भाव्यांना तो खेळ सुचला कशावरून? कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. तेव्हा मराठी नाटक कुणाचं नि कानडी कुणाचं, असा वाद आपल्या भागात कुणी काढला तर त्याला एवढं एक सांगायला हरकत नाही.

पुढं धारवाड, कोल्हापूर असं शिक्षण करत अण्णासाहेब पुण्याला गेले. घरच्यांची अपेक्षा, मुलगा शिकून मोठ्या हुद्द्यावर बसेल. मुलाचं लक्ष नाटकात. पुण्यात येणाऱ्या नाटकमंडळ्यांना तो पदं रचून देऊ लागला. शिक्षण मागं पडलं. 1866 च्या सुमाराला त्यांनी स्वतःची भारतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली. ती फार काळ टिकली नाही. शिक्षण अर्धवट, मंडळी बंद, हात रिकामे. त्या वेळी त्यांच्या घरी काय बोलणं झालं असेल, ते आपण आपल्या घरावरून ओळखावं.

(हे वाचून कुणा मुलानं शाळा सोडू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो. अण्णासाहेबांनाही पुढं पोटासाठी नोकरीच करावी लागली.)

ते बेळगावात शिक्षक झाले, काही दिवस पोलीस खात्यात होते, नंतर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत लागले. लिहिणं सुटलं नव्हतं. आद्य शंकराचार्यांच्या चरित्रावर त्यांनी 1873 मध्ये शांकरदिग्जय हे गद्य नाटक लिहिलं. शंकराचार्यांवर लिहायचं म्हणजे नुसती हौस चालत नाही, वाचन लागतं, संस्कृत लागतं. म्हणजे पुण्यातली ती वर्षं अगदीच वाया गेली नव्हती. फक्त त्याचा दाखला कुणी दिला नव्हता.

1880 साल. अण्णासाहेब पुण्यात, कचेरीत नोकरीला, वय सदतीस. त्या काळी सदतीस म्हणजे संसारी, पोक्त माणूस. पुण्यात एका पारशी मंडळीचा इंद्रसभेचा खेळ त्यांनी पाहिला. तोवर आपल्याकडच्या नाटकात सूत्रधार एका बाजूला उभा राहून सगळ्यांची पदं म्हणायचा आणि पात्रं ऐनवेळी सुचेल ते बोलायची. या खेळात मात्र पात्रं स्वतःच गात होती. अण्णासाहेबांनी ते घेतलं, पण तसंच्या तसं उचललं नाही. कालिदासाचं शाकुंतल निवडलं, बोलणं नीट लिहून काढलं आणि ज्याचं पद त्याच्याच तोंडी दिलं. पदं तरी किती? दोनशेच्या आसपास! त्यांच्या चाली कुठून आल्या? कीर्तनातली साकी, दिंडी, लावणीची वळणं, हिंदुस्थानी राग आणि लहानपणापासून कानात बसलेल्या कानडी चाली. गुर्लहोसूरच्या देवळात नि अंगणात जे ऐकलं होतं, ते तीस वर्षांनी पुण्याच्या रंगभूमीवर उभं राहिलं.

31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाते नट त्यांनी हाताशी धरले. तोवर नाटकवाला म्हटलं की घरंदाज लोक नाक मुरडत. शाकुंतलानं शिकलेली, सोवळी माणसं नाटकाला आणून बसवली. मग 1882 मध्ये सौभद्र आलं. त्यासाठी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि सुभद्रा झाले. सौभद्राची कथा महाभारतातली, पण घर अगदी आपलं: मोठा भाऊ बहिणीचं लग्न भलत्याच ठिकाणी ठरवून बसलाय, बहिणीचं मन दुसरीकडे, आणि धाकटा भाऊ हसत हसत डाव फिरवतोय. म्हणून ते आजही रंगतं.

तिसरं रामराज्यवियोग, 1884. त्याचे तीनच अंक झाले. 2 नोव्हेंबर 1885 रोजी गुर्लहोसूरलाच अण्णासाहेब गेले. वय बेचाळीस. सदतीस वर्षं शिकण्यात गेली आणि काम करायला मिळाली पाच वर्षं. आम्ही हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मनाला चटका बसला. पण चरित्र इथं संपत नाही, आणि आम्हाला जे सांगायचंय ते खरं तर पुढंच आहे.

अण्णासाहेब बेळगावात शिक्षक होते, तेव्हा त्यांच्यापुढं बसणाऱ्या मुलांत सांगलीजवळच्या हरिपूरचा एक मुलगा होता, गोविंद बल्लाळ देवल. गुरूपेक्षा बारा वर्षांनी लहान. शाळेत धडा घेतला, आणि पुढं नाटकमंडळीतही तो गुरूच्या मागं आला. कामं केली, तालमी पाहिल्या, मग स्वतः तालमी घेऊ लागला. नाटकाची तालीम म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्या गटाच्या उत्सवात मुलांचं नाटुकलं बसवलंय त्यांना ठाऊक आहे. एक वाक्य वीस वेळा म्हणून घ्यायचं, आणि एकविसाव्या वेळीही आवाज चढू द्यायचा नाही. पोरांना गोडीनं शिकवणारा मिळाला तर पोरं शिकतात. देवलांना तालीम मास्तर म्हणून मोठं नाव मिळालं.

त्याच देवलांनी 1899 मध्ये शारदा नाटक रंगभूमीवर आणलं. पैशाच्या लोभानं बाप आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघतो, अशी गोष्ट. त्या काळात हे घरोघरी घडत होतं आणि घरातल्या बायका मुकाट सोसत होत्या. भाषणांतून, वर्तमानपत्रांतून सुधारक सांगत होतेच, पण शारदेचं दुःख गाण्यातून कानावर आलं तेव्हा तिकीट काढून करमणुकीला आलेल्या माणसाला आपल्याच घरातली मुलगी समोर दिसली. 1929 साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला त्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले. ते नाव खरं तर हरबिलास सारडा यांच्यावरून पडलेलं. पण मराठी माणसाच्या मनात त्या कायद्याशी देवलांची शारदाच जोडली गेली.

आता त्या निपाणीच्या घराबद्दल. पेटी माळ्यावर टाकायची की नाही, हे ठरवणारे आम्ही कोण? वडिलांची काळजी खोटी नाही. आमची विनंती एवढीच, की निर्णय करण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून मुलाचं वाजवणं अर्धा तास ऐकावं. मोबाईल बाजूला ठेवून. त्या घरात ते अजून एकदाही झालेलं नाही, असं आजोबांनीच आम्हाला कळवलं.

देवलांची अजून एक गोष्ट राहिली. अण्णासाहेबांना जाऊन वीस वर्षं झाली होती. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत एक नवीन गोड गळ्याचा मुलगा आला. त्याला मिरजेत शकुंतलेच्या कामासाठी तयार करायचं होतं. शिकवायला बसले देवल. शाकुंतल तेच, पदं तीच, चालीही त्याच. मुलाचं नाव नारायण राजहंस. पुढं लोक त्याला बालगंधर्व म्हणून ओळखू लागले.