जुन्नरचा परदेशी मुसाफिर

रमजानच्या रोजातून मुसाफिराला सवलत आहे. प्रवासात असलेल्या माणसाने रोजा सोडला तरी चालतो. घरी पोहोचल्यावर तो भरून काढायचा असतो. जकातीच्या हकदारांतही वाटेत अडकलेल्या, खर्चाला पैसा न उरलेल्या प्रवाशाची गणना आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये असाच एक मुसाफिर भटकत होता. तो मुसलमान नव्हता, रोजा त्याच्यावर बंधनकारक नव्हता, तरी त्याने महिनाभर मुसलमानांबरोबर उपवास केला. त्याचे नाव अफानासी निकितिन.

रशियातील व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहराचा हा व्यापारी. 1460च्या दशकाच्या उत्तरार्धात तो माल घेऊन घराबाहेर पडला, तेव्हा हिंदुस्थान त्याच्या डोक्यातही नव्हता. कॅस्पियन समुद्राच्या पश्चिमेला असलेल्या शिरवान राज्यात व्यापार करावा, चार पैसे मिळवावेत आणि परतावे, एवढाच बेत होता. शिरवानचा वकील मॉस्कोहून परत निघाला होता. त्याच्या सोबतीने वाट सुरक्षित राहील असा हिशेब होता. पण अस्त्राखानजवळ तातार टोळीने नावा लुटल्या. माल गेला आणि त्याबरोबर धर्मग्रंथही गेले. पुढे समुद्रात वादळ झाले, एक नाव फुटली आणि तिच्यावरची माणसे किनाऱ्यावरच्या टोळीने धरून नेली.

शिरवानच्या शहाकडे या लोकांनी परतीच्या खर्चासाठी अर्ज केला. माणसे फार असल्याने शहाने काही दिले नाही. मग सगळे रडत रडत पांगले. ज्यांचे गावी काही होते ते रशियाला परतले. ज्यांच्या डोक्यावर गावी कर्ज होते, त्यांनी दिसेल ती वाट धरली. निकितिन या दुसऱ्या जातीचा. रिकाम्या हाताने परतणे म्हणजे सावकारांच्या दारात उभे राहणे. आपल्याकडे दुष्काळात गाव सोडलेल्या माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही.

तो बाकूला गेला, तिथून समुद्र ओलांडून इराणात उतरला. सारी, आमोल, रे, काशान, यझ्द, लार अशी एकेक शहरे मागे टाकत, कुठे महिना तर कुठे त्याहून अधिक मुक्काम करत तो होर्मुझ बंदराला पोहोचला. तिथे त्याला कळले, की हिंदुस्थानात चांगले घोडे निपजत नाहीत आणि परदेशी घोड्याला तिथे मोठी किंमत येते. जवळ होते नव्हते ते सारे त्याने एका घोड्यात घातले. घोड्यांची वाहतूक करणाऱ्या गलबतात तो आपल्या जनावरासह चढला आणि मस्कत, गुजरात, खंबायत करत चौलला उतरला. चौल म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले जुने बंदर. वास्को द गामा कालिकतला आला 1498 मध्ये. हा माणूस त्याच्या पाव शतक आधी, ना जहाजांचा ताफा ना तोफा, एक घोडा घेऊन आला.

चौलला गोऱ्या माणसाला पाहायला गर्दी लोटे. तो जाईल तिथे लोक मागे मागे येत. चौलहून आठ दिवसांनी पाली, पुढे दहा दिवसांनी उमरी आणि आणखी सहा दिवसांनी जुन्नर, असा त्याचा हिशेब आहे. बारामती-इंदापूरकरांना जुन्नर म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे दुसरे टोक. भीमा-नीरेचा हा मुलूखही तेव्हा त्याच बहामनी राज्यात होता आणि राजधानी होती बिदर. तख्तावर तरुण सुलतान तिसरा महंमदशहा होता, कारभार मात्र वजीर महमूद गावानच्या हाती होता.

निकितिन जुन्नरला आला तो पावसाळ्यात. चिखलपाण्याने वाटा बंद झाल्या आणि त्याला दोन महिने तिथेच काढावे लागले. एकेकटा माणूस जेमतेम चढेल अशी गडाची अरुंद वाट, सराईत उतरलेल्या प्रवाशांना रांधून घालणाऱ्या बायका, हे सारे त्याने टिपून ठेवले. घोड्यांना हरभऱ्यासारखी कडधान्ये आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, हेही लिहिले. रशियन मजकुरात खिचडी हा शब्द त्याने जवळपास तसाच ठेवला आहे. घोडा जुन्नरपर्यंत आणायला त्याचे शंभर रुबल गेले होते. रोजचा दाणागोटा वेगळाच.

आणि तोच घोडा गेला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो काढून घेतला. मालक मुसलमान नसून रशियाचा ख्रिस्ती आहे हे कळल्यावर त्याने अट घातली: धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाही बदललास तर घोडा गेलाच, हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करीन. मुदत चार दिवसांची. परमुलखात एकटा, ओळखीचे कोणी नाही, सगळी पुंजी दुसऱ्याच्या तबेल्यात आणि घरी कर्ज. घोडा, मोहरा आणि सुटका या तिन्ही गोष्टी एका होकारात मिळत होत्या. तो होकार त्याने दिला नाही.

मुदत संपत आली असताना ख्वाजा महंमद नावाचे एक खुरासानी गृहस्थ जुन्नरला आले. निकितिनने त्यांच्यापुढे हात जोडले. ख्वाजा स्वतः गडावर खानाकडे गेले, रदबदली केली, धर्मांतराची अट मागे घ्यायला लावली आणि घोडाही सोडवून आणला. ज्याने छळले तो मुसलमान आणि ज्याने सोडवले तोही मुसलमान. धर्मात जबरदस्तीला जागा नाही, ही कुराणाची शिकवण दोघांनाही ठाऊक असणारच. खान सत्तेच्या तोऱ्यात ती विसरला. ख्वाजांनी एका अनोळखी परधर्मीयासाठी गड चढून ती पाळली. निकितिनने दोघांचीही नावे लिहून ठेवली. म्हणून आज खानाबरोबर ख्वाजाही आपल्याला माहीत आहेत.

पाऊस ओसरल्यावर तो बिदरला गेला. तिथे सुलतानाच्या मिरवणुकीतले शृंगारलेले हत्ती आणि चांदीच्या पालख्या त्याने पाहिल्या. सरदार ऐषारामात आणि खेड्यातली रयत कंगाल, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. व्यापाराच्या बाबतीत मात्र निराशा झाली. हिंदुस्थानात मालाला तोटा नाही, असे त्याला वाटेत सांगितले गेले होते. प्रत्यक्षात रशियात खपेल असे फारसे काही हाती लागेना. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकाती जबर आणि समुद्रात चाचे. अखेर नाताळच्या सुमारास त्याने घोडा विकला. वर्षभर त्याला पोसण्यातच बरीच रक्कम गेली होती.

मुसलमानी मुलखात तो ख्वाजा यूसुफ खुरासानी या नावाने वावरत होता. बिदरमध्ये हिंदूंशी ओळखी वाढल्यावर त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे त्यांना सांगून टाकले. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काही लपवले नाही. जेवण, व्यवहार, पूजा सगळे उघडे केले. त्यांच्याच संगतीने तो शिवरात्रीला श्रीशैलच्या यात्रेला गेला. तिथला मोठा काळा नंदी आणि फुले उधळणारे भाविक त्याने पाहिले आणि या स्थानाची तुलना जेरुसलेम नि मक्केशी केली.

मनात मात्र एक सल होता. ग्रंथ लुटले गेल्यापासून ईस्टर कधी, नाताळ कधी, उपवासाचा बुधवार-शुक्रवार कोणता, याचा हिशेब राहिला नव्हता. बरोबर स्वधर्मीय कोणी नव्हता. तारखा तो आकाशातल्या ताऱ्यांवरून आणि मुसलमानांच्या ईदवरून अंदाजाने ठरवी. त्याच घालमेलीत त्याने आपला ईस्टरपूर्वीचा उपवास मुसलमानांच्या रोजांबरोबर धरला. महिनाभर मांस नाही, दूधदुभते नाही. दिवसातून दोन वेळा भाकर आणि पाणी. प्रार्थना मात्र त्याने आपलीच केली. पुढे त्याच्या वहीत रशियनमध्ये तुर्की, फारसी, अरबी शब्द मिसळत गेले आणि शेवटच्या पानावर तर अरबीतून ईश्वराची नावे आली. त्याने मनाने धर्म बदलला होता काय, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. त्याने स्वतः एवढेच नोंदवले आहे, की खरा धर्म कोणता हे देव जाणतो. माणसाने एकाला ओळखावे आणि पवित्र जागी पवित्र मनाने त्याचे नाव घ्यावे.

घरची ओढ अनावर झाली तेव्हा तो दाभोळला आला आणि दोन मोहरा भाडे देऊन होर्मुझच्या गलबतात बसला. वाऱ्याने गलबत हबशांच्या किनाऱ्याला नेले. तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून प्रवाशांनी लूट टाळली. पुढे शिराझ, इस्फहान, तबरीज करत तो काळ्या समुद्रावरच्या त्राब्झोनला पोहोचला. तिथे हेर समजून त्याची झडती झाली आणि उरलीसुरली चीजवस्तूही गेली. समुद्र ओलांडून तो क्रिमियातल्या काफाला उतरला. त्वेर आता फार दूर नव्हते. पण स्मोलेन्स्कच्या अलीकडेच मृत्यूने त्याला गाठले.

नफा झाला नाही, कर्ज फिटल्याची नोंद नाही, घरही दिसले नाही. वह्या मात्र व्यापाऱ्यांनी जपून मॉस्कोला नेल्या आणि 1475च्या सुमारास त्या दरबारच्या कारकुनाच्या हाती पडल्या. तीन समुद्रांपलीकडचा प्रवास या नावाने जगाला त्या ठाऊक आहेत. 1957 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकाच्या साथीने त्याच्यावर परदेसी हा चित्रपट काढला. चौलशेजारच्या रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे.

जुन्नरच्या ख्वाजा महंमदांचे स्मारक कुठे नाही. त्यांची आठवण उरली आहे ती त्यांनी वाचवलेल्या माणसाच्या वहीत.