विश्लेषण : टॉल्किन यांनी फ्रोडोला ऐनवेळी का हरवले?
जे. आर. आर. टॉल्किन यांचा जन्म १८९२चा. वडील लहानपणीच वारले, बाराव्या वर्षी आईही गेली. १९१६मध्ये सोमच्या खंदकांत लढताना तापाने आजारी पडून ते मायदेशी परतले. जवळचे बहुतेक मित्र मात्र युद्धात गेले. पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५मध्ये आले आणि काही वाचक शेवटावर नाराज झाले. ज्वालामुखीपर्यंत पोहोचलेला फ्रोडो अंगठी टाकतच नाही, स्वतःची म्हणतो! ती नष्ट होते गॉलममुळे. टॉल्किन पत्रांतून समजावत राहिले : फ्रोडो कमी पडला, पण हा नैतिक पराभव नव्हे, त्या ओझ्याखाली कुणीही मोडले असते. गॉलमला आधी जिवंत सोडले, म्हणूनच काम तडीस गेले. खंदक पाहिलेल्या माणसाचे हे उत्तर पटते. १९७३मध्ये टॉल्किन यांचे निधन झाले. २००३च्या चित्रपटात फ्रोडो गॉलमशी झटापट करताना दिसतो. पुस्तकातही झटापट आहे, पण तिथे गॉलम स्वतःच तोल जाऊन पडतो.